एका दिवसात कोर्दोबा, एकट्याने (स्पेन)

रानवाटा

मद्रिद किंवा सेव्हियात मुक्काम आहे, हाताशी एक मोकळा दिवस आहे आणि सोबत कुणी नाही, अशा वेळी कोर्दोबाला जावं. गाडीतून उतरल्यावर सगळं पायी होतं, मुख्य वास्तू एकमेकींपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहेत आणि जे बघायचं ते रेंगाळत बघण्यासारखं आहे. म्हणून एकट्या माणसाला हे गाव मानवतं. बहुतेकांचा दिवस बिघडतो तो उन्हाच्या हिशेबामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच.

स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे असतं. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर कोर्दोबात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान. आपल्याकडे चारला जसं ऊन असतं तसं तिथे सहाला असतं. "चारनंतर उतरेल ऊन" असं मनात धरून कुणी बाहेर पडलं तर ते नेमकं दिवसातल्या सर्वांत तापलेल्या वेळेत सापडतं. जुलैत कमाल तापमानाची सरासरीच ३६-३७ अंशांवर असते. १४ ऑगस्ट २०२१ चा ४७.६ अंशांचा स्पेनमधला उच्चांक याच प्रांतातल्या ला राम्ब्ला गावात नोंदला गेला. जाण्याजोगे महिने म्हणजे मार्च ते मेचा मध्य आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यातच जावं लागलं तर सकाळी साडेआठ ते दुपारी एक आणि मग सात ते अंधार पडेपर्यंत, एवढाच दिवस धरा. जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर मिळते.

कसं जायचं: मद्रिदच्या आतोचा स्थानकातून वेगवान गाडीने पावणेदोन तास, सेव्हियाहून पाऊण तास, मालागाहून साधारण तास. स्पेनमधला पहिला वेगवान मार्ग १९९२ मध्ये मद्रिद-सेव्हिया असाच सुरू झाला आणि कोर्दोबा त्यावरच आहे, म्हणून गाड्यांची ददात नाही. आता आवे, आव्लो, इर्यो आणि उईगो अशा चार नावांच्या गाड्या या मार्गावर धावतात आणि एकाच दिवशी त्यांच्या भाड्यांत दुपटीचा फरक सहज असतो. जाताना एकीची आणि येताना दुसरीची घ्यायला काहीच हरकत नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टाप्रमाणे टाका. आतोचाला सामान यंत्रातून तपासतात आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी दार बंद करतात, म्हणून अर्धा तास आधी पोचा.

कोर्दोबा स्थानकातून जुन्या गावात चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बागांतून जाणारा पासेओ दे ला व्हिक्तोरिया हा रस्ता धरून आल्मोदोव्हार वेशीपाशी यायचं. तटबंदीतल्या या वेशीबाहेर सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचा पुतळा आहे, तो याच गावचा. वेशीतून आत शिरलं की हुदेरिया, म्हणजे जुनी यहुदी वस्ती. चालायचं नसेल तर स्थानकाजवळून ३ नंबरची बस मध्यवस्तीत जाते.

मेस्कीता: दिवसाचा गाभा हाच. पूर्वी मशीद, आता कॅथीड्रल. सोमवार ते शनिवार सकाळी ८:३० ते ९:३० प्रवेश मोफत असतो, त्या वेळेत गटांना आत सोडत नाहीत, आणि साडेनऊला सगळ्यांना बाहेर काढतात. तिकिटाची वेळ दहापासून. २०२४ मध्ये तिकीट १३ युरो होतं. मुक्काम कोर्दोबात किंवा सेव्हियात असेल तर मोफत तास गाठा. मद्रिदहून सातच्या गाडीने निघालात तर पावणेनऊला उतराल, पोचेपर्यंत सव्वानऊ, आणि पंधरा मिनिटांत बाहेर. त्यापेक्षा दहाचं तिकीट आधीच संकेतस्थळावरून काढा आणि मधला वेळ गल्ल्यांना द्या. रविवारी प्रार्थनेमुळे पर्यटकांना फक्त सकाळी साडेअकरापर्यंत आणि मग दुपारी तीननंतर प्रवेश असतो.

आत किमान दीड तास ठेवा. मला विचाराल तर दोन.

सोमवारी जाऊ नका. मेस्कीता उघडी असते, पण आल्काथार (राजांचा किल्ला-वाडा), सिनेगॉग (जुनं यहुदी प्रार्थनास्थळ), व्हियाना वाडा आणि मेदिना आसाहारा (गावाबाहेरच्या जुन्या राजधानीचे अवशेष) सगळं बंद.

दुपार: दोन ते साडेतीन जेवण. नंतर सावलीत किंवा थंड संग्रहालयात. उन्हाळ्यात आल्काथार पावणेतीनलाच बंद होतो, म्हणून तो बघायचा तर मेस्कीतानंतर लगेच, जेवणाआधी.

संध्याकाळ: रोमन पूल. पलीकडच्या कालाओर्रा बुरुजापाशी जाऊन मागे वळून बघा. मावळतीचं ऊन मेस्कीताच्या भिंतीवर येतं ती वेळ साधा. पूल २००४ पासून फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. कडेला आल्बोलाफिया नावाचं मोठं पाणचक्र दिसेल, आपल्या रहाटाच्याच जातीचं. मूळ चक्र नदीचं पाणी उचलून वर देई. आताचं नव्याने बांधलेलं आहे.

बाकी जाणकारांनी भर घालावी.

---

शिल्पवेडी

छान धागा. मेस्कीताबद्दल लिहिते, कारण बहुतेक लोक आत जातात, लाल-पांढऱ्या कमानींचे दोन फोटो काढतात आणि बाहेर येतात. आत चार वेगवेगळ्या काळांतलं बांधकाम आहे आणि ते पायांनी मोजत बघता येतं.

पाल्मास दारातून आत गेलात की तुम्ही सर्वांत जुन्या भागात असता: इथला मुसलमान शासक पहिला अब्द अर-रहमान, सुरुवात ७८५-८६ च्या सुमारास. इथले खांब रोमन आणि व्हिसिगॉथिक (मुसलमानांच्या आधीच्या राज्यकर्त्यांच्या) इमारतींतून काढून आणलेले आहेत. खाली वाकून खांबाचा तळ बघा. काहींना बैठक आहे, काही थेट जमिनीत गेलेले आहेत. उंची सारखी नव्हती, म्हणून लांब खांब खाली उतरवले. मग वर बघा. शीर्षं शेजारच्या खांबाशी जुळत नाहीत: एकावर पानं कोरून पोकळ केलेली, दुसऱ्यावर ओबडधोबड. रंगही वेगळे, कुठे करडा, कुठे गुलाबी, कुठे काळसर.

एवढे बुटके खांब घेऊन एवढं उंच छत कसं उचललं, याचं उत्तर दुहेरी कमानींत आहे. खांबावर नालाच्या आकाराची कमान आहे, तिच्या वर खांबाची उंची वाढवून दुसरी अर्धगोल कमान. खालची खांबांना एकमेकांशी बांधून ठेवते आणि छताचा भार वरची घेते. मधली जागा मोकळी ठेवल्यामुळे उजेड आणि हवा आरपार जाते.

लाल-पांढरे पट्टे जुन्या भागात खरे आहेत: एक थर विटांचा, एक थर दगडाचा. शेवटची वाढ अल्मान्सूर या वजिराची, ९८७ च्या सुमाराची. तिथे विटा नाहीत. सगळा दगड आहे आणि पट्टे रंगवलेले आहेत. जवळ जाऊन बघितलं की कळतं: जुन्या कमानीत विटांचे सांधे दिसतात, नव्या कमानीत सपाट रंग. हा फरक एकदा दिसला की पुढे कुठे उभे आहोत ते नकाशाशिवाय ओळखता येतं.

मिहराबाचा, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा, भाग खलिफा दुसऱ्या अल-हकमचा, ९६२ पासूनचा. सोनेरी मोझेकसाठी काचेचे तुकडे आणि कारागीर बायझंटाइन सम्राटाकडून आले. कठड्यापासून आत जाता येत नाही, म्हणून छोटी दुर्बीण असेल तर न्या. हा मिहराब आता इमारतीच्या मधोमध का नाही? कारण दक्षिणेला नदी आडवी आली आणि अल्मान्सूरने वाढ पूर्वेला केली. आणखी एक, तो मक्केच्या दिशेला नसून बराच दक्षिणेकडे आहे.

मग मधोमध कॅथीड्रल. १५२३ मध्ये खांब काढून त्याचं काम सुरू झालं. आज ८५६ खांब उरले आहेत. पांढऱ्या उजेडातून पुन्हा अंधाऱ्या खांबांत या, पुन्हा आत जा. दोन-तीन वेळा असं केल्यावर दोन्ही बांधणाऱ्यांना उजेडाकडून काय हवं होतं ते समजतं. हे करायला एकटं असणंच बरं, सोबतचा माणूस "चला" म्हणतो.

टोपी आत काढावी लागते, ते चर्च आहे. मोठी बॅग आत नेता येत नाही. तिपाई चालत नाही.

---

नकाशावेडा

बॅगेचा मुद्दा महत्त्वाचा. मद्रिदहून निघून रात्री सेव्हियाला मुक्काम, मध्ये दिवसभर कोर्दोबा, असा बेत बरेच जण करतात आणि तो चांगला आहे, जाण्या-येण्याचा वेळ वाचतो. फक्त सामान स्थानकासमोरच्या बसस्थानकात लॉकरमध्ये टाकून मगच गावात शिरा. चाकांची बॅग घेऊन जुन्या गावात फिरणं अशक्य आहे. कारण फरसबंदी. बऱ्याच गल्ल्यांत आणि अंगणांत नदीतले गुळगुळीत गोटे उभे बसवलेले आहेत. चाक अडकतं, आणि पातळ तळाच्या चपलेतून प्रत्येक गोटा पायाला लागतो. जाड तळाचे बूट हवेत. पावसात हेच गोटे निसरडे होतात.

नकाशाबद्दल: हुदेरियातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि भिंती इतक्या उंच आहेत की फोनवरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. ठिपक्यामागे धावू नका. मेस्कीताचा घंटामनोरा मधूनमधून दिसत राहतो, तो धरून चाला. मनोरा दिसेनासा झाला तर उताराच्या दिशेने चला, नदी लागते. नदी लागली की पूल दिसतो आणि पुलासमोर मेस्कीता. एवढं पुरतं.

मनोऱ्यावर चढायचं तिकीट वेगळं असतं (२०२४ मध्ये ३ युरो) आणि दर अर्ध्या तासाला ठरावीक माणसंच सोडतात. मेस्कीताच्या तिकिटाबरोबरच वेळ घेऊन ठेवा. आत जुना मिनार अजून आहे, त्याच्याभोवतीच मनोरा बांधला.

---

वांगीभात

शाकाहारी माणसाचं दुपारचं काय? एकट्यासाठी टेबल देतात का? अंडं चालतं, मांस-मासे नाहीत.

---

सुगरणीचा खोपा

@वांगीभात, एकट्यासाठी अडचण येत नाही, पण वेळ पाळावी लागते. स्वयंपाकघरं साधारण एक ते चार उघडी असतात, मग रात्री आठ-साडेआठपर्यंत बंद. साडेचारला भूक लागली तर कॉफी आणि गोड पाव एवढंच मिळेल. टेबल नको असेल तर बारच्या कट्ट्याशी उभं राहून खा, तिथे एकटं खाणारे गावकरीच जास्त असतात. मात्रा विचारून घ्या: 'तापा' म्हणजे चार घास, 'मेदिया रासियोन' म्हणजे अर्धी थाळी, 'रासियोन' दोघा-तिघांची. एकट्याने दोन मेदिया मागवाव्यात. पासेओ दे ला व्हिक्तोरियावर मेर्कादो व्हिक्तोरिया नावाचा खाण्याचा बाजार आहे, तिथे गाळ्या-गाळ्यांतून थोडं थोडं घेता येतं. स्थानकाच्या वाटेवरच आहे.

काय खायचं: बेरेन्हेनास कोन मिएल, म्हणजे वांग्याचे पातळ तळलेले काप आणि वरून उसाची काकवी. नावात मध असला तरी तो बहुधा 'मिएल दे कान्या' असतो, काकवीच. (बेरेन्हेना हा शब्द अरबी-फारसीतून मागे संस्कृत वातिंगणापर्यंत जातो, हिंदीतल्या बैंगनाचा सख्खा भाऊ.) गरम असतानाच खा, पाच मिनिटांत मऊ पडतात. दुसरं, तोर्तिया, बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. मेस्कीताच्या अगदी समोर उभ्याने तुकडा खाण्याची पद्धत आहे.

फसगत कुठे होते ते सांगते. 'साल्मोरेहो' (टोमॅटो-पावाचं दाट गार सूप) शाकाहारी आहे, पण वर उकडलेलं अंडं आणि हामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे घालूनच देतात. मागवतानाच "सिन हामोन" म्हणा, अंडंही नको असेल तर "सिन हामोन नी उएव्हो". 'व्हेहेताल' नावाच्या सँडविचमध्ये बहुधा टूना मासा असतो. फ्लामेन्कीन हे तळलेल्या काडीसारखं दिसतं, आत डुकराचं मांस असतं. पालक आणि चण्याची भाजी मिळाली तर घ्या, पण "तिएने कार्ने?" विचारून.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. "आग्वा देल ग्रिफो" मागा, २०२२ च्या कायद्याने हॉटेलांना ते मोफत द्यावं लागतं.

---

वांगीभात

खूप उपयोगी, ताई. साल्मोरेहो घरी जमतं का?

---

सुगरणीचा खोपा

जमतं. कोर्दोबातलं प्रमाण पाठ करण्याइतकं सोपं आहे: १ किलो पिकलेले टोमॅटो, २०० ग्रॅम पाव, १०० ग्रॅम एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, लसणाची एक पाकळी, १० ग्रॅम मीठ. बस. व्हिनेगर नाही, काकडी नाही, पाणी नाही. ते घातलं की गास्पाचो, म्हणजे पातळ गार सूप, होतो.

आधी टोमॅटो वाटून गाळून घ्या, साल-बिया राहता कामा नयेत. त्या रसात शिळ्या पावाचे तुकडे दहा मिनिटं भिजवा. लसणातला हिरवा कोंब काढून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी कडवट लागतं. पाव, लसूण, मीठ घालून पुन्हा वाटा. मिक्सर चालू ठेवून तेल वरून बारीक धारेने सोडा. लाल रंग बदलून केशरी-गुलाबी झाला की तेल मिसळलं असं समजा. सगळं तेल एकदम ओतलं तर ते वर तरंगतं. तेल घातल्यावर फार वेळ फिरवलं तर मिश्रण तापतं आणि तेल कडू होतं.

आपल्याकडे दोन ठिकाणी चुकतं. लांबट संकरित टोमॅटो आंबट आणि फिके असतात, त्यांचं साल्मोरेहो पांढुरकं होतं. गावठी, लालभडक, थोडे जास्तच पिकलेले घ्या. आणि बेकरीचा लादीपाव गोडसर असतो, चव बिघडते. तिथे तेलेरा नावाचा भरगच्च गराचा पाव वापरतात. आपल्याला जाड कवचाचा, साखर नसलेला कुठलाही पाव एक दिवस शिळा करून चालतो. चमचा उभा राहील इतकं दाट झालं पाहिजे. फ्रिजमध्ये दोन तास, मग खा.

---

पागोळी

मेस्कीताच्या अंगणाबद्दल कुणी लिहिलं नाही. पातिओ दे लोस नारान्होस, संत्र्यांचं अंगण. इथे शिरायला तिकीट लागत नाही. झाडांच्या रांगा आणि आतल्या खांबांच्या रांगा यांचा मेळ आहे. पूर्वी अंगणाकडची दारं उघडी असत तेव्हा झाडांतून खांबांत चालत गेल्यासारखं वाटत असणार.

खाली बघा. प्रत्येक झाडाला गोल आळं आहे आणि एका आळ्यातून दुसऱ्यात फरशीत कोरलेला अरुंद पाट जातो. कोकणात पोफळीच्या बागेत शिंपणं करतात त्या पद्धतीशी ज्याची ओळख आहे त्याला हे काही समजावून सांगावं लागणार नाही. एका टोकाला पाणी सोडायचं, माती लावून वाट बदलायची.

फळं तोडून खाऊ नका, ती कडू संत्री आहेत, मार्मलेडची. नागपुरी संत्र्याची आशा धरून तोंडात टाकलं तर तोंड फिरतं. फूल मात्र मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत येतं आणि सगळं गाव त्या वासाने भरतं. 'नारान्हा' आणि आपला 'नारिंगी' एकाच मुळाचे.

---

गोकर्णवेल

पातिओंचं सांगते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घरांच्या अंगणांचा उत्सव असतो, २०१२ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वेळ ११ ते २ आणि संध्याकाळी ६ ते १०. प्रवेश मोफत, पण राहती घरं आहेत, एका वेळी थोडीच माणसं सोडतात, चांगल्या अंगणांसमोर शनिवार-रविवारी तासभराची रांग असते. एक दिवसाच्या सहलीत मधल्या वारी, मंगळवार-बुधवारी जा आणि फक्त सान बासिलिओ वस्ती करा. ती आल्काथारच्या मागेच आहे, तेवढ्यात पाच-सहा अंगणं होतात. उत्सव नसताना व्हियाना वाड्यात बारा अंगणं वर्षभर बघता येतात.

चौसोपी वाडा पाहिलेल्या माणसाला ही रचना लगेच कळते: बाहेर कोरी भिंत, आत मोकळं अंगण, विहीर किंवा कारंजं, भोवती खोल्या. दुपारच्या उन्हात अंगण ओलं करायचं आणि गारवा खोल्यांत घ्यायचा. चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतीवर पार छपराखालपर्यंत टांगलेल्या कुंड्या, बहुधा एकाच निळ्या रंगात, त्यांत जिरॅनियम. इतक्या उंच कुंड्यांना पाणी कसं घालतात? लांब वेळूच्या टोकाला पत्र्याचा छोटा डबा तिरका बांधलेला असतो. हौदात बुडवायचा, काठी उभी करायची, कुंडीच्या काठावर डबा टेकवून मनगट वळवायचं. डबा मोठा असला तर काठी वाकते आणि पाणी भिंतीवरून ओघळून चुन्यावर डाग पडतो, म्हणून तो लहानच असतो. अशा शेकडो कुंड्या, उन्हाळ्यात रोज. कोपऱ्यात ती काठी टेकवून ठेवलेली दिसली तर अवश्य बघा.

दाराशी पैसे टाकायला वाडगं असतं, एक-दोन युरो टाकावेत. निघताना घरच्यांना "ग्रासियास" म्हणावं.

---

चांदणचुरा

एकट्या बाईने फिरणं कसं आहे? आणि मेदिना आसाहारा याच दिवसात बसवता येईल का? वाचून फार मोह होतोय.

---

रानवाटा

@चांदणचुरा, दिवसा निर्धास्त फिरा. दुपारी अडीच ते पाच गल्ल्या एकदम ओस पडतात, दुकानांची शटरं खाली, माणूस दिसत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला धास्ती वाटते, पण ती त्यांची विश्रांतीची वेळ आहे. तेव्हा मेस्कीताच्या आसपास किंवा एखाद्या कॅफेत थांबा. आपत्कालीन क्रमांक ११२. उन्हाने गरगरलं तर हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानात शिरा, क्षार मिळतात.

त्रास एकच आणि ठरलेला: मेस्कीताभोवती बायका रोजमेरीची डहाळी हातात देतात, "भेट आहे" म्हणतात, मग हात धरून भविष्य सांगायला लागतात आणि शेवटी पैसे मागतात. एकट्या माणसालाच गाठतात. डहाळी हातात घेतली की संपलं. हात खिशात किंवा बॅगेच्या पट्ट्यावर ठेवा, न थांबता "नो, ग्रासियास" म्हणून पुढे चला. थांबून नम्रपणे समजावू नका.

मेदिना आसाहाराबद्दल माझं स्पष्ट मत: एका दिवसात दोन्ही करू नका. दहाव्या शतकात तिसऱ्या अब्द अर-रहमानने वसवलेली राजधानी, पाऊणशे वर्षांच्या आत यादवीत उद्ध्वस्त झाली. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. जागा विलक्षण आहे, पण गावापासून ८ किलोमीटर. बसने आधी संग्रहालय, तिथून दुसऱ्या छोट्या बसने वर, मग उघड्या डोंगरउतारावर फिरणं, सावली जवळजवळ नाही. जाऊन-येऊन चार तास मोडतात आणि बसच्या वेळा ठरलेल्या असल्याने एक चुकली की पुढचं सगळं घसरतं. मेस्कीता घाईत उरकावी लागते. रात्री कोर्दोबात राहणार असाल तर दुसऱ्या सकाळी पहिल्या बसने जा.

---

नकाशावेडा

याला पूर्ण अनुमोदन. वेळ उरला तर सिनेगॉग बघा. १३१५ चं, खोली जेमतेम सात मीटर लांब-रुंद, पण वरच्या भिंतीवरच्या चुन्याच्या नक्षीत हिब्रू ओळी आहेत. स्पेनमध्ये मध्ययुगातली अशी तीनच नीट उरली, दोन तोलेदोत आणि ही एक. दहा मिनिटं पुरतात. बाहेर थोडं पुढे मायमोनिदेस या यहुदी तत्त्वज्ञाचा बसलेला पुतळा आहे, त्याच्या पायाला हात लावून लावून तो चकचकीत झालाय. फुलांची गल्ली, कायेहा दे लास फ्लोरेस, नऊच्या आत बघा. दहानंतर गटांची रीघ लागते आणि मनोरा दिसणाऱ्या टोकाशी उभं राहायला जागा मिळत नाही.

---

हिरवाकंदील

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मेस्कीतात आग लागली होती ना? आता बघण्यासारखं आहे का?

---

शिल्पवेडी

हो. ८ ऑगस्टच्या रात्री अल्मान्सूरच्या भागातल्या एका चॅपलमध्ये लागली. नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहिलं, दुसऱ्या दिवशी इमारत लोकांसाठी उघडली. जुना भाग, मिहराब आणि मधलं कॅथीड्रल यांना धक्का लागला नाही. त्या कोपऱ्यात अडथळे दिसले तर तेवढाच भाग सोडून पुढे जा.

---

हिरवाकंदील

धन्यवाद. आणि परतीची गाडी किती वाजताची घ्यावी?

---

रानवाटा

ऋतूवर आहे. एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर तासाभराची. पुलावरून स्थानकापर्यंत चालत अर्धा तास, लॉकरमधलं सामान काढायला दहा मिनिटं, तपासणीला दहा, असा हिशेब मागून मांडत या. दिवसातली शेवटची गाडी धरू नका, तिच्या आधीची घ्या, म्हणजे काही बिघडलं तर हाताशी एक उरते. स्वस्त तिकिटं बहुधा बदलता येत नाहीत, म्हणून सकाळची स्वस्त घ्या आणि संध्याकाळची दोन-चार युरो जास्त देऊन बदलता येणारी. तिकीट काढताना भारतीय कार्ड अडलं तर दुसरं कार्ड वापरून बघा, आणि हे निघायच्या आठ दिवस आधी करा, आदल्या रात्री नाही. तिकिटाचा चित्रसंकेत (क्यूआर कोड) फोनमध्ये फोटो म्हणून जपून ठेवा. दिवसभर नकाशा आणि कॅमेरा वापरून संध्याकाळी बॅटरी संपलेली असते, म्हणून छापील प्रतही खिशात असू द्या.